मधुमेह आणि यकृताचा कर्करोग : रक्ततपासणी काय सांगते, काय सांगत नाही

मधुमेह म्हटला की डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पाय यांची काळजी घ्यावयाची, हे आता परभणी जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांना ठाऊक झाले आहे. यकृताचे नाव मात्र या यादीत सहसा येत नाही. वास्तविक इतरांच्या तुलनेत मधुमेहींना यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यामुळे ‘रक्ताच्या एका तपासणीने हा कर्करोग वेळीच कळेल का?’ हा रुग्णांच्या नातेवाइकांचा व शिबिरांसाठी साहाय्य करू इच्छिणाऱ्या देणगीदारांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर येथे देत आहोत.

शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले की यकृतात चरबी साठू लागते. मद्याला कधीही स्पर्श न केलेल्या व्यक्तीतही हे घडते. काही रुग्णांत या चरबीमुळे दाह होतो, यकृतावर व्रण उमटतात आणि अनेक वर्षांनी ते कठीण होते. या अवस्थेस सिरॉसिस म्हणतात. कर्करोग बहुधा अशाच यकृतात उद्भवतो, क्वचित त्यापूर्वीही. या साऱ्या काळात रुग्णास वेदना होत नाहीत. केंद्र शासनाने २०२१ साली या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तो याच कारणाने महत्त्वाचा आहे.

यकृताच्या कर्करोगाचा सर्वांत परिचित रक्तनिर्देशक म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन. गर्भावस्थेत यकृत हे प्रथिन तयार करते. जन्मानंतर त्याचे प्रमाण अत्यल्प होते. १९६३-६४ साली अबेलेव आणि ततारिनोव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्याचा या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. परंतु लहान गाठ असलेल्या अनेक रुग्णांत ते वाढत नाही. उलट कावीळ वा गरोदरपणात कर्करोग नसतानाही वाढते. पिव्हका-२ हा दुसरा निर्देशक. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीन या गोळीने तोही वाढलेला दिसतो. म्हणून केवळ अहवालातील आकड्याने घाबरू नये, तसेच आकडा प्रमाणात आहे म्हणून निर्धास्तही राहू नये.

सिरॉसिसच्या रुग्णांसाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व सोबत अल्फा फीटोप्रोटीन, ही आजची मान्य पद्धत आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात केवळ सोनोग्राफीने प्रारंभिक अवस्थेतील सुमारे ४५ टक्के कर्करोग सापडले. रक्ततपासणीची जोड दिल्यावर हे प्रमाण ६३ टक्के झाले. गाठ दोन-तीन सेंटीमीटरची असताना सापडली, तर शस्त्रक्रियेने काढणे किंवा सुईद्वारे उष्णता देऊन नष्ट करणे पुष्कळदा शक्य असते. गाठ मोठी झाल्यावर हे मार्ग बंद होत जातात.

मग प्रत्येक मधुमेहीची सोनोग्राफी करावी काय? तशी आवश्यकता नाही. कोणाचे यकृत कठीण होत आहे, हे ओळखण्यासाठी ‘फिब-४’ हे साधे गणित आहे. वयाला एस.जी.ओ.टी.ने गुणावे, आलेल्या संख्येस, प्लेटलेट (हजारांत) आणि एस.जी.पी.टी.चे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागावे. समजा, वय ६०, एस.जी.ओ.टी. ४८, एस.जी.पी.टी. ३६ आणि प्लेटलेट १ लाख ६० हजार आहेत. यातील एकही आकडा फारसा डोळ्यांत भरत नाही. तरीही उत्तर ३ येते. १.३ पेक्षा कमी उत्तर सामान्यतः दिलासादायक असते (६५ वर्षांपुढे ही मर्यादा २ धरतात), २.६७ पेक्षा अधिक आल्यास यकृताची पुढील तपासणी अवश्य करावी. हे गणित कर्करोग शोधत नाही. कोणावर लक्ष ठेवावयाचे, ते सांगते. त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या सर्वत्र होतात व स्वस्त आहेत.

खरी अडचण पुढेच आहे. जिंतूर, पालम वा सोनपेठच्या खेड्यातील रुग्णाने एकदा तपासणी करून घेणे सोपे. सहा महिन्यांनी, काहीही दुखत नसताना, मजुरी बुडवून पुन्हा येणे कठीण. याबाबत बार्शीचे उदाहरण मार्गदर्शक आहे. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगावी जाऊन माहिती देऊ लागल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारांस येऊ लागले. रोग निराळा असला तरी सतत संपर्काचा धडा तोच आहे.

म्हणूनच आमची देणगीदारांस विनंती आहे की, महागड्या निर्देशकांच्या एकदिवसीय शिबिरापेक्षा रुग्णाच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीचा खर्च उचलावा. नातेवाइकांनी जुने अहवाल जपून ठेवावेत, प्रत्येक भेटीस सोबत आणावेत आणि मधुमेहाच्या तपासणीत यकृताविषयी आवर्जून विचारावे. लहान मुलांना हिपॅटायटिस-बी लस द्यावी, मद्य टाळावे, वजन व साखर आटोक्यात ठेवावी. गाठ शोधण्यापेक्षा ती होऊ न देणे केव्हाही श्रेयस्कर.