हापसा बिघडला तर कोण बघणार?

गावाकडे वाढलेल्या आपल्या आया-बहिणींच्या तळहातांना हापशाच्या दांड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. रांगेत घागर लावायची, नंबर आला की दोन्ही हातांनी दांडा मारायचा आणि पाणी येईपर्यंत दम काढायचा. पण या साध्या हापशाला मोठा इतिहास आहे आणि त्यातले एक पान आपल्या जालना-सोलापूर भागात लिहिले गेले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

हल्ली मोठमोठ्या संस्थांमधून दोन शब्द ऐकू येतात. एक 'डिझाईन थिंकिंग', म्हणजे वापरणाऱ्याच्या जागी उभे राहून सोयीची आखणी करणे. दुसरा 'फ्युचर्स', म्हणजे पुढच्या दहा-वीस वर्षांत काय काय होऊ शकेल ते आजच डोळ्यांसमोर आणून तशी तयारी ठेवणे. शब्द भारी वाटतात. हापशाजवळ उभे राहिले की ते सोपे होतात.

महाराष्ट्रातला १९७२ चा दुष्काळ घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या काळात देशभर कठीण खडकात हजारो बोअर मारले गेले आणि त्यांवर बिडाचे हापसे बसले. या हापशांचा नमुना युरोप-अमेरिकेतला होता. तिकडे शेतावरचे एखादे कुटुंब दिवसातून चार-दोन बादल्या पाणी काढणार, एवढाच त्याचा हिशेब. इकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव त्यावर. दांडे मोडले, खिळी झिजल्या. १९७० च्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा चारातले सुमारे तीन हापसे बंद सापडले. लोकांना वापरता येत नाही, असा ठपका ठेवणारे तेव्हाही होते. खरे तर ज्यांच्यासाठी हापसा बसवला, त्यांचा दिवस कसा जातो हे कोणी पाहिलेच नव्हते.

जालन्याला आणि सोलापूरला बोअरचे काम करणाऱ्या मिशनच्या मंडळींनी आणि तिथल्या कारागिरांनी ते पाहिले. त्यांनी बीड सोडून पोलाद घेतले. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी जोडली, त्यामुळे आतली सळई सरळ वर-खाली होऊ लागली आणि झीज कमी झाली. याच पंपावरून युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा एक सरकारी कारखाना यांनी 'इंडिया मार्क दोन' तयार केला. कोइमतूरकडच्या खोल बोअरवर त्याची कसून परीक्षा घेतली. त्यावर कोणाचीही मक्तेदारी ठेवली नाही; प्रमाणाबरहुकूम कोणत्याही कारखान्याने तो बनवावा. असे लाखो हापसे पुढे देशात बसले आणि परदेशातही गेले. (बोअर गावात घ्यायचा की वस्तीत, हा प्रश्न मात्र कोणत्याही यंत्राने सुटला नाही. ते आपल्याला सांगायला नको.)

पण एका मातीत रुजलेली सोय दुसऱ्या मातीत जशीच्या तशी रुजतेच असे नाही. आफ्रिकेत काही ठिकाणी जमिनीतले पाणी आंबट निघाले. त्याने लोखंडी पाईप गंजले, पाणी तांबडे येऊ लागले, चव बिघडली. बायांनी तो हापसा सोडला आणि पुन्हा ओढ्याची वाट धरली. दुसरी अडचण तर आपल्याकडेही होती. आतला एक वायसर बदलायचा तरी सगळे पाईप वर ओढावे लागत. त्यासाठी माणसे हवीत, अवजारे हवीत, तालुक्याहून गाडी हवी. म्हणून १९८० च्या दशकात आपल्याकडे 'मार्क तीन' आला. त्यात पाईप न उपसता आतला दट्ट्या वर काढता येतो. त्याच सुमारास मलावी आणि केनियात 'आफ्रिडेव्ह' हा हापसा घडला. त्याचे पाईप प्लास्टिकचे, आणि रोजची दुरुस्ती एका पान्याने होते. केनियाच्या क्वाले जिल्ह्यात गावातल्या बायांनाच ही दुरुस्ती शिकवली. गाडीची वाट बघणे संपले.

आता याच्या उलटी गोष्ट ऐका. दक्षिण आफ्रिकेत 'प्लेपंप' निघाला. मुलांनी गोल चक्रीवर खेळायचे, त्या फिरण्याने पाणी वरच्या टाकीत चढायचे, टाकीच्या चारी बाजूंना जाहिराती. कल्पना कोणालाही मोहात पाडेल अशी. २००६ साली अमेरिकेत मोठी मदत जाहीर झाली. २०१० पर्यंत चार हजार पंप बसवून एक कोटी लोकांना पाणी देऊ, असे ठरले. एक पंप सुमारे चौदा हजार डॉलरचा, साध्या हापशाच्या कितीतरी पट महाग. २००९ साली लंडनच्या 'गार्डियन'ने हिशेब मांडला : एवढ्या लोकांची गरज भागवायची तर मुलांना रोज सत्तावीस तास खेळावे लागेल!

मुले शाळेत असत, किंवा कंटाळून निघून जात. मग पाण्याला आलेल्या बायांनी, त्यात म्हाताऱ्याही आल्या, ती जड चक्री ढकलायची. मुलांच्या खेळण्याभोवती फिरायची काहींना लाज वाटे. पंप बिघडला की पाटीवरच्या नंबरावर फोन करा आणि बसा वाट बघत. कित्येक ठिकाणी चालू हापसा काढून तिथेच ही चक्री बसवली होती, म्हणजे हातचेही गेले. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संस्थेने हे काम आवरते घेतले.

उद्घाटनाच्या दिवशी मुले हसत होती, फोटोही छान निघाले. पण पाच वर्षांनी भर दुपारी त्या चक्रीपाशी कोण उभे असेल, असे त्या बायांना कोणी विचारले नाही.

आज आपल्या वस्त्यांतून नळ आले आहेत, येत आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या नियमांत गावाची पाणी समिती आहे. तिच्यात निम्म्या तरी बाया असाव्यात, आणि गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवावे, असे म्हटले आहे. तुमच्या गावच्या समितीत वस्तीतले कोण आहे, वहीत नाव असलेल्या बाईला बैठकीचा निरोप येतो का, मोटार जळाली तर पैसे कुठल्या खात्यातून निघतात, तोवर पाणी कुठून आणायचे? पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा हे विचारा. आणि जुना हापसा अजून चालू असेल तर तो उपटून टाकू देऊ नका.