वॉटफर्डचा उन्हाळा आणि नागपूरचे पाहुणे

दिवाळीच्या फराळासोबत उन्हाळ्याच्या गप्पा बेमोसमी वाटतील. पण वॉटफर्डच्या मराठी घरांत आई-बाबांच्या जून-जुलैच्या तिकिटांची चौकशी याच सुमारास सुरू होते. इथला तीस अंशांचा इशारा ऐकला की नागपूरच्या बाबांना हसू फुटतं. "तीस? एवढं तर आमच्याकडे पहाटेच असतं!" पहिल्या दिवशी ही थट्टा खपते. तिसऱ्या रात्री माळ्यावरच्या खोलीत कूस बदलत पडलं की बोलती बंद होते.

दोष उन्हाचा कमी, घराचा जास्त. ही घरं थंडीत ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली. विटा दिवसभर तापतात, छताखालची खोली रात्री उशिरापर्यंत निवत नाही, छताला पंखा नाही, कूलरचं तर नावच नको. 19 जुलै 2022 रोजी लिंकनशरमधल्या कॉनिंग्स्बीला 40.3 अंशांची नोंद झाली; आदल्याच दिवशी वॉटफर्डपासून जवळच असलेल्या ल्यूटन विमानतळाची धावपट्टी उष्णतेने बिघडली होती. त्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटांत इंग्लंडमध्ये सुमारे 3 हजार जादा मृत्यू झाले, त्यातले बहुतेक पासष्टीपुढचे.

अशा वेळी आजीची विदर्भी शिस्तच कामाला येते. सकाळीच उन्हाकडच्या खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडायचं. ऊन पडलं की खिडक्या सताड उघडायची इथली हौस तेवढी बाजूला ठेवावी. टेबलफॅन जरूर लावा. पण खोलीचा पारा 35 च्या वर गेला की तो गरम हवाच अंगावर फेकतो. त्यापेक्षा ओल्या फडक्याने हातपाय, मान पुसावी.

घड्याळाचं गणित मात्र नव्यानेच मांडावं लागतं. जूनमध्ये इथे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमाराला, आणि मावळतो सव्वानऊनंतर. "पाच वाजले, उन्हं उतरली" म्हणून बाबा फिरायला निघतात, तेव्हा हवा जवळजवळ सर्वात तापलेली असते. कॅसिओबरी पार्कची फेरी सकाळी नऊच्या आत किंवा रात्रीच्या जेवणानंतर मारावी, उजेड असतोच.

पन्हं, कोकम सरबत, ताक सगळं छान. फक्त मधुमेह असेल तर पन्ह्यातल्या गुळाचा हिशेब हवा, आणि हृदयविकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर "भरपूर प्या" हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात त्यांचं काय करायचं, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून यावं. मनाने बंद करू नयेत. प्रवासविम्यात जुने आजार लिहिलेत ना, हेही पाहावं. पाहुण्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं तर बिल येतं, आणि ते छातीत धडकी भरवणारं असतं.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, दरदरून घाम असं काही झालं तर माणसाला गारव्यात आडवं करावं, पाय जरा उंच ठेवावेत, पाणी द्यावं, अंग ओलं करून वारा घालावा. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही किंवा बोलणं असंबद्ध झालं तर 999. नुसती शंका असेल तर 111.

मुलांची काळजी वेगळी. पार्कलगतच्या ग्रँड युनियन कालव्यात उकाड्याच्या दिवशी उडी मारायचा मोह होतो. वरून कोमट वाटणारं पाणी आत गार असतं, धक्क्याने श्वास अडकतो आणि पट्टीचा पोहणाराही गोते खातो.

शेवटी परागकण. मे ते जुलै गवताचा मोसम. आजी मोठ्या हौसेने परसात चादरी वाळत घालतात, त्यावर पराग बसतो आणि रात्री अख्खं घर शिंकत असतं. "सर्दी झाली" म्हणून काढ्यावर काढे उकळण्याआधी चादर घरात वाळवून पाहावी. तरीही डोळे चुरचुरले तर फार्मसीत सेटिरिझिन चिठ्ठीशिवाय मिळतं. आधीच्या गोळ्यांची यादी मात्र फार्मासिस्टला दाखवावी.