बालकांचें मोजमाप कशासाठीं?

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलास परक्या खोलींत बसवून त्यास रंग, आंकडे व इंग्रजी अक्षरें विचारावयाचीं, आणि जें आईचा पदर सोडीत नाहीं तें मूल 'मंद' ठरवावयाचें, हा प्रकार आमच्या शहरांस नवा नाहीं. माल जोखण्यापूर्वीं तराजू खरा आहे कीं नाहीं हें व्यापारी प्रथम पाहतो; मग मुलांच्याच बाबतींत ही सावधगिरी कां सोडावी?

मोजमापच नको, असें आमचें म्हणणें नाहीं. शाळेंत रमण्यास अक्षरओळखीच्या आधीं दुसरेंच कांहीं लागतें: आपली पाळी येईपर्यंत थांबणें, खेळणें वांटून घेणें, दोन सूचना ध्यानांत ठेवून तसें वागणें, काम अडल्यास रडत न बसतां मदत मागणें. हीं कौशल्यें शिकवितां येतात, म्हणूनच कोणास कोठें हात द्यावयाचा हें टिपून ठेवणें इष्ट आहे. परंतु तीं प्रश्नोत्तरांत दिसत नाहींत. खेळतांना, जेवतांना, भांडतांना दिसतात. शिक्षिकेनें अनेक दिवस पाहावें व आईबापांसही विचारावें. कारण घरीं अखंड बोलणारें मूल वर्गांत, विशेषतः परक्या भाषेच्या वर्गांत, मुकें होतें. दोन्ही बाजू न ऐकतां दिलेला निकाल हा एकतर्फी हुकूमनामाच होय.

फ्रान्सांत बीने व सिमाँ यांनीं १९०५ सालीं बुद्धिमापनाची पद्धति रचली, ती अधिक साहाय्य कोणत्या मुलांस हवें हें कळावें म्हणून. पुढें अन्य देशांत तिचाच उपयोग माणसांवर कायमचा शिक्का मारण्याकडे झाला. आमच्याकडे ताराबाई मोडक यांनीं उलट मार्ग दाखविला. १९४५ सालीं त्या बोर्डीस गेल्या, आणि मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून त्यांनीं शाळाच वस्तीच्या अंगणांत नेली. उणीव मुलांत आहे कीं शाळेंत, हा प्रश्न त्यांनीं आधीं विचारला.

आतां कायद्याविषयीं. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें प्रवेशाच्या वेळीं मुलाची किंवा पालकांची चाळणी घेण्यास मनाई केली असून, पहिल्या अपराधास २५,००० व पुढील प्रत्येकास ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु त्याच कायद्यांत 'बालक' म्हणजे ६ ते १४ वर्षांचें! म्हणजे ज्यास संरक्षण अधिक हवें, तें धाकटें मूल व्याख्येच्या बाहेरच राहिलें. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें ३ ते ८ वर्षांचा एकच टप्पा मानला आहे. मग कायद्याचें कवच सहाव्या वर्षापर्यंत कां थांबावें? ही व्याख्या सुधारलीच पाहिजे.

तोंपर्यंत स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येक गृहस्थ शिक्षणसंस्थांचे आश्रयदाते व चालक आहेत. त्यांनीं पुढील सभेंत एवढेंच विचारावें कीं, आपल्या बालवर्गांत मुलांची जी नोंद होते ती प्रवेश नाकारण्यासाठीं होते, कीं प्रवेश दिल्यानंतर मदत करण्यासाठीं? उत्तर पहिलें असेल, तर ती पद्धत त्याच सभेंत बंद करण्याचा अधिकार त्यांच्याच हातीं आहे.