जनावर कुठले?

घोडेगावच्या बाजारात (नाव घोडेगाव, पण बाजार गाई-म्हशींचा आणि शेळ्या-मेंढ्यांचा) गिऱ्हाईक आधी जनावराचे दात पाहते, मग विचारते, "कुठलं?" आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेले, वय दात सांगतात. पण ते कोणत्या गोठ्यात वाढले, कोणता आजार काढून उभे आहे, यासाठी विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. प्रयोगशाळेला एवढ्यावर भागवता येत नाही. औषध टोचलेले उंदीर मेले, तर ते औषधाने मेले की आधीच्याच रोगाने, हे कसे ठरवणार?

म्हणून प्रयोगासाठी उंदरांचे वाण मुद्दाम तयार करतात. सख्ख्या भावा-बहिणींचा संकर निदान वीस पिढ्या चालवला की सगळी पिल्ले जवळजवळ एकाच घडणीची निपजतात. आपल्याकडे अशा प्राण्यांची शिस्तशीर व्यवस्था 1957 साली मुंबईत, परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात सुरू झाली. 1976 मध्ये ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत गेली. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 1998 मध्ये नियम झाले. प्रयोगाचे प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यायचे. तिथे मिळाले नाहीत, तरच दुसरा कायदेशीर मार्ग.

उंदरांचे हे जमले. माकडांचे तसे झाले नाही.

आपल्या रक्तगटापुढचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ज्या 'आरएच'वरून आले, तो आरएच म्हणजे ऱ्हीसस माकड, उत्तर भारतातले साधे लाल तोंडाचे. पोलिओची लस या माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत. त्यासाठी 1950 च्या दशकात आपल्याकडून लाखांनी माकडे परदेशी गेली, सगळी रानातून आणि गावांतून धरलेली. 1978 मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात बंद केली. बाहेर जाणे थांबले. पण देशातल्या प्रयोगशाळांना माकड लागलेच तर ते कुठून आणायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

तो 2020 मध्ये पुण्यात उभा राहिला. कोव्हॅक्सिन माणसाला टोचण्याआधी राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला तरुण ऱ्हीसस हवे होते. आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनी 'गोइंग व्हायरल' या पुस्तकात ही शोधाशोध सांगितली आहे. प्रयोगशाळेत पैदास केलेली माकडे देशात नव्हती. प्राणिसंग्रहालये आणि संस्थांकडे विचारणा झाली, पण तिथली माकडे म्हातारी. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारे खाणे बंद झाल्याने रानातली माकडेही आत सरकलेली. शेवटी वनखात्याच्या मदतीने ती नागपूरजवळ सापडली.

वीस माकडे, पाच-पाचांचे चार गट. तीन गटांना लस, एकाला नाही. दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवसांनी सगळ्यांच्या नाकात आणि श्वासनलिकेत विषाणू सोडला, पुढे शवविच्छेदन करून फुप्फुसे पाहिली. लस न मिळालेल्यांत न्यूमोनिया दिसला, लस मिळालेल्यांत नाही. लशीला हा पुरावा हवाच होता, असे मला वाटते. मला खटकते ते वेगळेच. 1957 पासून व्यवस्था बसवत आलेल्या देशाला ऐन गरजेला पुन्हा रानच धुंडाळावे लागले, आणि यावर साथीनंतरही फारसे कोणी बोलले नाही.

मी 2021 मध्ये कोव्हॅक्सिनच घेतली. प्रमाणपत्रावर लशीचे नाव, तारीख आणि बॅच क्रमांक आहे.