जुडी घेताना पाणी विचारा

नौपाड्यातल्या गावदेवी मंडईत पालकाची जुडी घेताना आपण पाने हिरवी आहेत का ते पाहतो आणि भाव विचारतो. ही भाजी कोणत्या पाण्यावर वाढली, हे मात्र क्वचितच विचारतो.

वाहत्या पाण्याखाली पाने नीट धुतली की माती आणि बरेचसे जंतू निघून जातात. पण कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या सांडपाण्यातले शिसे, कॅडमियम मुळांवाटे पानांत उतरते. ते धुऊन किंवा शिजवून जात नाही. कॅडमियम शरीरात वर्षानुवर्षे साचत राहते आणि मूत्रपिंडांना इजा करते. पालेभाज्या ते अधिक शोषतात.

म्हणून जे कुटुंब स्वतः खाते तेच विकते, अशा छोट्या मळ्याचे मोल मोठे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी परसबागेतून सुरुवात करून 'बायफ' संस्थेच्या साथीने गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावरान वाणाचे बी राखून पुढच्या वर्षी पेरता येते. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र वापरात आणतात, त्यामुळे युरिया कमी लागतो. खर्च आवाक्यात राहतो, म्हणूनच छोटा मळा टिकतो.

स्वतः पिकवून आणणाऱ्या मावशी भेटल्या, तर विचारा: पाणी विहिरीचे की नाल्याचे? फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी केली? आणि शेवटी, तुमच्या घरीही हीच भाजी शिजते ना?