पोटाचे दुखणे अंगावर काढू नका



पोटात जळजळ झाली की आपल्याकडे उपाय ठरलेला. कोणी ओवा चावतो, कोणी खायचा सोडा घेतो, कोणी दुकानातून पित्ताची गोळी आणतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. पण क्वचित त्या जळजळीच्या आड जठराचा कर्करोग दडलेला असतो. गोळीने जळजळ थांबते, रोग मात्र आत वाढत राहतो. हा रोग कोणाला होतो, झाल्यावर कोण वाचतो आणि त्यात वयाचा व बाई-पुरुष असण्याचा संबंध किती, ते आज पाहू.

२०२२ साली जगभरात या रोगाचे सुमारे ९ लाख ७० हजार नवे रोगी आढळले. त्यांत पुरुषांची संख्या बायकांच्या जवळजवळ दुप्पट होती. विडी-सिगारेट आणि दारू ही त्याची काही कारणे. पाळी चालू असेपर्यंत बाईच्या शरीरातील इस्ट्रोजेन हा स्राव तिला थोडेफार जपत असावा, असाही डॉक्टरांचा अंदाज आहे. रोग झाल्यानंतरही अनेक देशांत बायका पुरुषांपेक्षा किंचित जास्त तगलेल्या दिसतात. पण हा फरक थोडा आहे, त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

कारण बाईच्या बाबतीत दुसरा धोका आहे. तिला दम लागला, चेहरा पांढुरका पडला, तर घरचे म्हणतात, "पाळीमुळे रक्त कमी झाले असेल." बहुधा ते खरेही असते. पण जठरातून थेंबथेंब रक्त जात असेल तरी हेच लक्षण दिसते. शिवाय तरुण वयात, विशेषतः बायकांत, या रोगाचा एक प्रकार जास्त आढळतो. त्यात मोठी गाठ होत नाही. रोग जठराच्या भिंतीत आतल्या आत पसरतो. बोंड बाहेरून हिरवेगार आणि आत अळी, तसा हा प्रकार.

आता वयाचे पाहू. हा रोग मुख्यतः पन्नाशी-साठीनंतरचा. तिशी-पस्तिशीत तो विरळा, म्हणून त्या वयात कोणाला संशयच येत नाही. तपासणी लांबते आणि तोवर रोग पसरलेला असतो. लवकर सापडला तर मात्र तरुण शरीर उपचार चांगले सोसते. म्हाताऱ्या माणसाला हृदयाचे दुखणे, मधुमेह, दमा असे सोबती असतात, म्हणून त्यांचे जगण्याचे प्रमाण कमी पडते. तरी "आता वय झाले, कशाला चिरफाड?" असे घरच्यांनीच ठरवून टाकू नये. डॉक्टर नुसते वय बघत नाहीत, प्रकृती बघतात. सत्तरी ओलांडलेल्यांचीही शस्त्रक्रिया यशस्वी होते.

वय आणि बाई-पुरुष यांहून मोठी गोष्ट म्हणजे रोग कधी सापडला ही. अमेरिकेतील आकडे पाहा. रोग जठरापुरताच असताना सापडला तर शंभरातले सुमारे ७५ रोगी पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर जेमतेम सात. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करण्याची सरकारी सोय आहे. जपानमध्येही अशी तपासणी अनेक वर्षे चालू आहे. म्हणूनच तिथे निम्म्याहून अधिक रोगी पाच वर्षांचा टप्पा पार करतात.

आपल्याकडे जठरासाठी अशी देशव्यापी मोहीम नाही, म्हणून लक्ष आपणच ठेवायचे. पुढील खुणा ध्यानात ठेवा:

• दोन-तीन आठवडे औषध घेऊनही न थांबणारी जळजळ किंवा दुखणे
• चार घास खाताच पोट भरणे, अन्नावरची वासना उडणे
• कारण नसताना वजन घटणे
• वारंवार उलट्या, गिळताना अडखळणे
• डांबरासारखे काळे शौच किंवा रक्ताची उलटी (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, तेव्हा त्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगा.)

यांपैकी काही दिसले म्हणजे कर्करोगच झाला असे नाही. पण दुर्बिणीची तपासणी विचारून घ्या. तोंडावाटे बारीक नळी घालून जठर आतून पाहतात. चिरफाड नाही, काही मिनिटांचे काम. रक्ताची उलटी किंवा काळे शौच झाले तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जठरात राहणारा एक जंतूही या रोगाला वाट करून देतो. ऑस्ट्रेलियाच्या वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी तो १९८२ साली शोधला. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक दिवस पूर्ण औषध घेतले तर तो जातोही.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड बरोबर घेऊन सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

आणि एवढे करा. आज रात्री जेवताना पंगतीवर नजर टाका. कोणाची भाकरी अलीकडे निम्म्यावर आली आहे का? मग ते आजोबा असोत, कर्ता मुलगा असो की सर्वांच्या मागून जेवणारी सून असो, पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा.