साखरेपासून आहारतंतू: वनस्पतीचे विकर, जिवाणूची पेशी

आहारतंतू म्हटले की कोंडा, साली आणि शेंगांच्या शिरा डोळ्यांसमोर येतात. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने तंतूपण दोऱ्यासारख्या रूपात नसून शर्करांना एकमेकींशी बांधणाऱ्या जोडात असते. हा जोड लहान आतड्यातील विकरांना, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना, तोडता आला नाही, तर तो पदार्थ न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तेथील जिवाणूंचे अन्न बनतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हॅलेंटिन रोझ यांनी १८०४ मध्ये इन्युला हेलेनियम या वनस्पतीच्या मुळांतून वेगळे केलेले इन्युलिन याच जातीचे आहे. पांढऱ्या भुकटीच्या रूपातील हा पदार्थ कांदा-लसणात असतो आणि चिकोरीच्या ताज्या मुळांत त्याचे प्रमाण साधारणतः १५ ते २० टक्के भरते.

इन्युलिनचा कच्चा माल म्हणजे नेहमीची साखर, सुक्रोज. तिच्या प्रत्येक रेणूत एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेले असते. सूर्यफुलाच्या कुळातील जेरुसलेम आर्टिचोक या कंदवर्गीय वनस्पतीच्या अभ्यासातून एडलमन आणि जेफर्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, तंतूची ही घडण दोन विकरे वाटून घेतात. त्यांपैकी १-एसएसटी हे एका सुक्रोजमधील फ्रुक्टोज काढून दुसऱ्या सुक्रोजला जोडते, तेव्हा केस्टोज ही तीन घटकांची शर्करा तयार होऊन एक ग्लुकोज सुटे होते. तर १-एफएफटी हे तयार साखळ्यांमध्ये फ्रुक्टोजची देवघेव घडवून त्या लांबवते.

ही विकरे परक्या पेशीतही काम करतात, हे प्रथम पिकांमध्येच ठळकपणे दिसले. १९९८ मध्ये जेरुसलेम आर्टिचोकचे १-एसएसटी जनुक घातलेल्या शर्कराकंदात साठलेल्या सुक्रोजपैकी सुमारे ९० टक्के सुक्रोजचे लहान साखळ्यांत रूपांतर झाले, आणि २००० मध्ये ग्लोब आर्टिचोकची दोन्ही जनुके घेतलेल्या बटाट्याने लांब साखळ्यांचे इन्युलिन तयार केले. तथापि पिकाला हंगाम, जमीन आणि पाणी लागते, तर जिवाणू टाकीत काही तासांत वाढतो. म्हणून हीच विकरे जिवाणूकडून घडवून घेण्याचा विचार पुढे येतो.

हे स्थलांतर मात्र सरळ नाही. वनस्पतीच्या जनुकातील मधले निरर्थक तुकडे जिवाणूला छाटता येत नसल्याने ते आधीच वगळावे लागतात. शिवाय या विकरांवर वनस्पतीची पेशी शर्करेच्या लहान साखळ्या चढवते, ते काम ई. कोलाय हा प्रयोगशाळेत नेहमी वापरला जाणारा जिवाणू करत नाही, आणि म्हणूनच संशोधकांनी पिचिया पास्टोरिस या यीस्टचाही आधार घेतला आहे. याउलट, ई. कोलायच्या के-१२ या प्रयोगशाळेतील वाणाला सुक्रोज खाता येत नाही, ही उणीव येथे उपयोगी पडते: कच्चा माल जिवाणूच्या पोटात जळून जात नाही. केस्टोज बनताना सुक्रोजच्या वजनाचा सुमारे २६ टक्के भाग ग्लुकोज म्हणून सुटतो आणि साचल्यास विकराचा वेग मंदावतो. पण वाढता जिवाणू तोच ग्लुकोज खाऊन टाकू शकतो. अर्थात सुक्रोज आत शिरत नसल्यामुळे विकर पेशीबाहेर स्रवले पाहिजे, अन्यथा पेशी फोडून ते मिळवावे लागते.

जिवाणूंकडे स्वतःची अशी विकरे नसतात असे नाही. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू लेव्हानसुक्रेज या विकराच्या साहाय्याने लेव्हान ही फ्रुक्टोजची साखळी घडवतो. परंतु तेथे फ्रुक्टोजचे जोड वेगळ्या स्थानी असतात आणि साखळ्या बहुधा फार लांब होतात, तर १-एसएसटी आखूड साखळ्यांवर थांबते. वनस्पतीच्या विकराचे मोल या संयमात आहे.

तरीही या तंत्राच्या मर्यादा फ्रुक्टोजच्या त्या एकाच प्रकारच्या जोडात आहेत. इन्युलिन काहींच्या पोटात वायू धरते, आणि एकाच प्रकारचा तंतू मोठ्या आतड्यातील सर्व जिवाणूंना सारखा पोसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दररोज किमान २५ ग्रॅम आहारतंतूंची शिफारस केली, ती अन्नात नैसर्गिकरीत्या असलेल्या तंतूंची आहे. ज्वारीच्या भाकरीत सेल्युलोज आणि अरॅबिनोझायलान हे तंतू असतात, सोबतच्या कांद्यात फ्रुक्टोजच्या साखळ्या असतात. टाकीतील जिवाणू यांपैकी शेवटचा घटक तेवढा पुरवू शकतो.